तीन मिनिटांत न मावलेलं कडवं

"हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं बोला हो, मागे काय चाललंय तुमच्या, बँड वाजतोय का?… कोण?… अगं, थोरदिस! तू!… ओळखला गं आवाज. अख्खा देश ओळखतो, मीच नाही ओळखला तर लोक शेण घालतील तोंडात."

इंगवारनं तव्याखालची शेगडी बंद केली आणि खुर्चीत नीट बसला. केसांवरून हातही फिरवला. फोनवर केस दिसत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण सवय.

थोरदिस म्हणजे त्याची बायको. पूर्वीची. घटस्फोटाला कितीतरी वर्षं झाली, पण ओलाफ्सविक या त्यांच्या गावात तिला 'इंगवारची थोरदिस'च म्हणायचे. फेब्रुवारीत ती देशातली गाण्याची निवड स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून गाडी उलटी धावू लागली, तोच 'थोरदिसचा इंगवार' झाला. आज संध्याकाळी ती इटलीत, देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेत, सगळ्या युरोपसमोर आइसलँडच्या वतीनं गाणार होती. गाणं त्याच्यावर होतं.

"स्कुग्गी ना? बरा आहे की.… हो, दिली गोळी.… चीजमध्ये लपवून. पण लबाड आहे, चीज खातो आणि गोळी थुंकतो. मग परत… हो, हो, गिळली शेवटी.… आत्ता? माझ्या पायावर झोपलाय, बूट समजून.… थांब, त्याच्या कानाला लावतो. ए स्कुग्गी, ऊठ, बाईंचा फोन आलाय इटलीहून!… नाही गं हलत. म्हातारा झालाय. पण तुझा आवाज ऐकून एक कान वर केला त्यानं.… अगं खरंच केला, शप्पथ."

कान-बिन काही वर झाला नव्हता.

"कालही तू कुत्र्यासाठीच फोन केलास, परवाही.… नाही, कर ना. रोज कर. मी आपलं म्हटलं.… बरं बरं, चिडू नकोस. गळा जप.… काय? घाबरलीस? तू?… कसला जिना?… काचेचा? आणि त्याच्यावरून टाचांच्या बुटात उतरायचं, वर खालून धूर सोडणार? अगं, या लोकांना गाणं ऐकायचंय की सर्कस बघायचीय?… रंगीत तालीम कधी?… आत्ताच? मग फोन कशाला करत बसलीस… हं. हं. बरं, बोल, बोल."

"इकडे? इकडे जत्रा आहे नुसती. दुकानातलं मटण सकाळीच संपलं. पोरं गालावर झेंडे रंगवून हिंडतायत.… मला? मला कोण त्रास देणार? हां, म्हणजे गंमत ऐक. गुरुवारी पोहायला गेलो होतो. म्हटलं जरा गरम कुंडात बसू, तर तिथे चार म्हातारे आधीच उकळत बसलेले. मी एक पाय आत टाकला, आणि चौघंही एका सुरात, 'सहाच्या घंटा वाजल्या, दार उघडं होतं, तू आलाच नाहीस!'… हसू नकोस.… हसतेयस तू, मला ऐकू येतंय.… मग मीही हसलो. करणार काय? चड्डीवर बसलेल्या माणसांशी भांडायचं कसं?"

"आणि ती दुकानातली मुलगी गं, गल्ल्यावर बसते ती. गुणगुणत होती. वर बघितलं तर समोर मी. लाल झाली बिचारी आणि मलाच सॉरी म्हणाली. आता तिला माझी कीव आली की राग, देव जाणे.… अगं, धर्मगुरूसुद्धा! हात हातात घेऊन म्हणतात, 'इंगवार, क्षमा मोठी असते.' चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!… नाही, नाही, तुला नाही बोलत. गंमत सांगतोय."

गंमत सांगताना त्यानं टेबलावरचा एकच डाग तीनदा पुसला होता. आइसलँडात नाताळ सुरू होतो तो चोवीस डिसेंबरला संध्याकाळी सहाला, रेडिओवर चर्चच्या घंटा वाजल्या की. तोवर समुद्रावरचा माणूस घरी पोचलेला असतो. गाण्यातली बाई घंटा ऐकत, दार उघडं टाकून बसते आणि तिचा माणूस येत नाही. त्या वर्षी इंगवार खरंच आला नव्हता. बोटीचं इंजिन बंद पडलं आणि ते सगळे वेस्टमन बेटांच्या बंदरात अडकले. तो पोचला तोवर थोरदिस घर सोडून गेली होती. गाण्यात इंजिन नाही. गाण्यात तो नुसताच येत नाही.

"थोरदिस, एक विचारू?… गाण्याबद्दल नाही गं. गाणं छान आहे. फेब्रुवारीत मी मतं दिली की तुला.… हो, मीच!… किती ते नको विचारूस, अंगठा दुखायला लागला होता.… मग कुणाला देणार? त्या चंदेरी पँट घातलेल्या पोराला? आज आपल्याच देशाला मत देता येत नाही, नाहीतर आजही दिली असती.… ऐक ना, विचारू दे. त्या चोवीस तारखेला मी फोन केला होता. बंदरावरच्या ऑफिसातून. आमची सगळी बोट रांगेत उभी होती, प्रत्येकाचा फोन कुणीतरी उचलला. माझा नुसता वाजत राहिला. मला वाटलं, तू आईकडे गेली असशील. म्हणजे, एवढंच विचारायचं होतं… मी फोन केला होता, हे तुला माहीत होतं का?"

"हॅलो?… आहेस ना?"

"काय?… परत सांग.… घरीच होतीस."

"फोनपाशी.… शेजारी बसून.… म्हणजे वाजत होता तेव्हा… शेवटपर्यंत.… बरं."

इंगवार उभा राहिला. मग कुठे जायचं ते न सुचल्यामुळे परत बसला.

"नाही, रडू नकोस. रंग ओघळेल तोंडावरचा.… लिहिलं होतंस? कशात?… कुठल्या गाण्यात?… ह्याच? अगं, काहीतरीच काय, हे गाणं मला पाठ आहे, ह्यात फोन कुठाय?… तिसरं कडवं? तिसरं कडवंच नाहीये.… कापलं? कुणी?"

"तीन मिनिटं.… नियमच आहे तसा? वर एक क्षणही नाही?… आणि त्या कडव्यानं लांबत होतं. मग दुसरं काही नाही का कापता आलं? ते मधलं 'ओ ओ ओ' आहे ते?… हां. त्याच्यावर लोक हात हलवतात.… नाही, बरोबर आहे. बरोबरच आहे. तीन मिनिटांत दोघांची बाजू कुठून मावणार."

"म्हणून दाखव.… आत्ताच. हळू म्हण, कुणाला ऐकू नको देऊस.… थांबतील गं ते लोक. आणि मला कुठे तीन मिनिटांचा नियम आहे? माझ्याकडे वेळच वेळ आहे. म्हण."

मागचा गोंगाट थांबला, कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला आणि ती गायली. धूर नाही, जिना नाही, वाद्यं नाहीत. इंगवारनं फोन कानाशी घट्ट धरला होता, तरी सूर बाहेर आला असावा, कारण स्कुग्गीनं या वेळी खरोखरच एक कान वर केला.

"हं.… हं.… शेवटची ओळ परत म्हण.… 'उचलला असता, तर राहावं लागलं असतं.'"

इतकी वर्षं तो समजत होता की आपला फोन रिकाम्या घरात वाजला. रिकाम्या घरावर रागावता येत नाही. आता त्या घरात एक बाई बसलेली होती, हात मांडीवर ठेवून, आणि ती त्याची होती. त्याला फार वाईट वाटलं. कडवं सुरेख होतं, तेही त्याला कळलं.

"चांगलंय.… खरंच सांगतो. सगळ्यात चांगलं तेच आहे.… मुलाखतीत? नको. अजिबात नको, कुणाला काही सांगू नकोस. आज तर मुळीच नाही.… गावाचं काय घेऊन बसलीस? पुढच्या वर्षी दुसरं गाणं येईल, दुसऱ्या कुणालातरी धरतील. आणि नव्हतोच ना आलो मी. खोटं काय आहे त्यात?"

"मी? इथेच बघणार, घरी.… एकटा कशाला? सगळे येतायत! बर्गूर, त्याची बायको, शेजारची पोरंटोरं. खुर्च्या पुरेनात म्हणून बाकं आणून ठेवलीत.… मटण भाजतोय, दुसरं काय! एवढं मोठं पातेलं आहे.… हो, हो, ठेवतो तुझ्यासाठी."

तव्यावर मटणाचा एकच तुकडा होता. गाण्याच्या वेळी धांदल नको म्हणून त्यानं तो दुपारीच तळायला घेतला होता. गल्ली जमणार होती ती शेजारच्या बर्गूरकडे, आणि इंगवारला कुणी बोलावलं नव्हतं. दुष्टपणानं नव्हे. गाणं लागल्यावर याच्या तोंडाकडे बघायचं कसं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता, आणि मग प्रत्येक जण धरून चालला की दुसऱ्यानं बोलावलं असेल.

"बोलावतायत का?… जा, जा, पळ. जिना उतरताना खाली बघू नकोस.… थोरदिस. अगं ऐक ना, जाता जाता एकच. कुणी येणार नाहीये इथे. थापा मारल्या मी. एकटाच आहे. आणि ते तुझं कडवं… तू उचलला असतास ना फोन, तरी मी तुला अडवलं नसतं. म्हणजे, राहावं नसतं लागलं तुला. मी फक्त एवढंच सांगणार होतो की इंजिन… हॅलो?… थोरदिस?… हॅलो?"

फोन कधी कटला होता, तिनं किती ऐकलं होतं, त्याला कळेना. त्यानं परत लावला. तिकडे घंटी वाजू लागली. ती आता जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी असेल, फोन खाली कुणाच्यातरी खिशात असेल, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं तो शेवटपर्यंत वाजू दिला.