धुक्यातली मागची सीट

एक होती माझी नात गौरी, एक होती मी आज्जी, आणि एक होती गौरीची नवी मोटारसायकल. पहिलाच लांबचा पल्ला, कोल्हापूर ते आंबा घाट. मलकापूर सोडलं, घाटाची वळणं लागली, आणि मागच्या सीटवर माझी बडबड चालूच.

"आज्जी, गप्प बस की! तुझ्या बडबडीनं पडू आपण!"

घाटातल्या देवीपुढं गाडी थांबवून तिनं गाडीवरनंच हात जोडलं. मी पाया पडायला खाली उतरले, तर मी मागं बसलेलीच हाय असं समजून ही निघून गेली की! हाका मारल्या, पण हेल्मेटात ऐकू जातंय व्हय?

धुक्यात माझा हात मला दिसंना. जवळच गवा फुरफुरला. मी देवीच्या दगडाला मिठीच मारली.

शेवटी गाडीचा दिवा परत येताना दिसला. गौरी रडतच उतरली.

"मी मागं न्हाय ते कसं कळलं गं?"

"तू खरंच गप्प बसलीस, म्हणून!"

तवापास्नं घरात मला कुणी गप्प बस म्हणत न्हाय.