आधी ती तीस पानं

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक शाळकरी मुलगी आजोबांना रहस्यकथा वाचून दाखवत होती. शेजारी गुडघा दाखवायला आलेले मास्तर बसले होते. त्यांचा नंबर दोनदा पुकारून झाला होता, पण खुनी सापडेपर्यंत त्यांचा गुडघा दुखायचा थांबला होता.

"तो माळीच खुनी. फार गोड बोलतो."

"आजोबा, आपण त्याच्यावर संशय घ्यावा म्हणूनच लेखिकेनं त्याला गोड केलंय."

"डॉक्टरही गोडच बोलले. तासाभरात आजी बाहेर येईल म्हणाले. दोन तास झाले."

"तुम्ही येरझाऱ्या थांबवा बघू. बसा."

"बसलो. मग ती गाण्याची बाई?"

"तिच्याकडे किल्ली होती, पण कारण नव्हतं. उगाच कोण कशाला काही करेल?"

"तुझी आजी करते. कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान वाचते. चाळीस वर्षं हसलो मी तिला."

"मी पण हसते."

"आज नको हसू. उघड ते शेवटचं पान."

"अहो, अजून तीस पानं आहेत. सगळी मजा जाईल."

"मजा गेली खड्ड्यात. इथं जीव टांगणीला लागलाय. उघड म्हणतो ना."

"बरं बाई, उघडलं. वाचू?"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. नर्सबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या.

"आजींबरोबर कोण आहे?"

मास्तर अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"आजोबा, चला. आपल्यालाच बोलावतायत."

"थांब गं जरा. आधी ती तीस पानं वाच."