न उडणाऱ्या माश्या

...नाही, हसा! हसा तुम्ही! आमची ही पण पहिल्या दिवशी अशीच हसली होती. मला एक सांगा, घरात माशी आली तर तुम्ही काय करता? हाकलता. बरोबर? जगातली सगळी शहाणी माणसं माश्या हाकलतात! आणि मी? मी पाळतो! मुद्दाम पाळतो, बाटलीत, केळं कुस्करून भरवून वाढवतो, आणि त्या कशासाठी? तर मुंग्यांना खायला घालण्यासाठी!

आता तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलंय. अहो, माझा यात काडीचा दोष नाही! सगळं आमच्या लेकीनं केलं. तिला परगावी नोकरी लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि निघताना माझ्या हातात काय दिलं? काचेची पेटी. आत एक राणी मुंगी, अकरा कामकरी, आणि तांदळाच्या कणीएवढी पांढरी पांढरी पिल्लं. 'बाबा, मोठ्यांना साखरपाणी चालतं रे, पण पिल्लांना मांस लागतं. नाही मिळालं तर पिल्लं मरतात, मग राणी अंडी घालायची थांबते, मग सगळंच संपतं. सांभाळशील ना? शब्द दे!' आता पोरगी दारात उभी, खांद्यावर बॅग, डोळ्यांत पाणी, खाली गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय... कुठला बाप नाही म्हणेल? दिला शब्द! आणि शब्द म्हणजे शब्द!

मांसाची सोय पण तीच करून गेली होती. कापसाचा बोळा लावलेली बाटली, आत फळांवरच्या बारक्या माश्या. 'या उडत नाहीत, बाबा. पंख नुसते नावाला, चालतच जातात.' म्हटलं, असेल बाबा! आमच्या मेव्हण्याकडे गाडी आहे, तोही सगळीकडे चालतच येतो, एकेकाची सवय!

आणि जमलं हो मला! मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, घरीच खिडकीशी टेबल टाकून बसतो, चिमटा आणि भिंग हा माझा जन्माचा धंदा. बाटली दोन मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायची, माश्या गारठल्या की सहा उचलायच्या आणि पेटीत सोडायच्या. मुंग्या काय धावायच्या! पिल्लांच्या पुढ्यात नेऊन ठेवायच्या! मला तर, खरं सांगतो, भरून यायचं.

पण दोन आठवड्यांनी माश्यांची पुढची पिढी वाढवायला नवी बाटली लावायची वेळ आली. लेकीनं कागदावर लिहून ठेवलं होतं, 'केळं उकडून घाल,' खाली दोन रेघा मारून. आणि मी काय केलं? उकडलेलं केळं चाखून बघितलं! शी! हे कोण खाईल? माशी झाली म्हणून तिला काय जीभ नाही? टाकून दिलं, आणि टोपलीतलं छान पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं केळं कुस्करून घातलं. पाहुणचारात कसूर नको!

बारा दिवसांनी बोळा काढला, आणि... उडाल्या! न उडणाऱ्या माश्या भुर्रकन माझ्या नाकासमोरून उडाल्या! लेकीला फोन लावून सगळं सांगितलं, तर ती ओरडली, 'बाबा! न उकडलेलं तुझं ते केळं... अरे, टोपलीतल्या फळांवर बाहेरच्या माश्यांनी आधीच अंडी घातलेली असतात! ती मरावीत म्हणूनच उकडायचं होतं ना!' घ्या! आणि रेघा दोनच का मारल्या मग? चार मारायच्या!

पुढचं काय विचारता? चहात माशी, आरशावर माशी, टूथब्रशवर माशी! एक मुख्याध्यापिका बाई दुरुस्त झालेलं घड्याळ घेऊन गेल्या, तासाभरात परत हजर. 'अहो, या घड्याळाला तीन काटे होते. हा चौथा कुठला? आणि तो उलटा का चालतोय?' भिंग लावून बघतो तर काय, काचेच्या आत माशी! तबकडीवर फेऱ्या मारतेय!

आणि त्याच दिवशी आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात कीटकनाशकाचा डबा, बोट बटणावर. 'व्हा बाजूला!' मी पेटीसमोर दोन्ही हात पसरून उभा! 'अगं, एक फवारा मारलास तर राणी खलास, पिल्लं खलास!' 'जीव माझा जायची वेळ आलीय, तिचं काय घेऊन बसलात? तीन दिवस देते. चौथ्या दिवशी एक जरी माशी दिसली, तर फवारणार म्हणजे फवारणार!'

तीन दिवस! दुसरा असता तर पेटी बागेत उपडी करून मोकळा झाला असता. पण शब्द म्हणजे शब्द! अकरा बाटल्या घेतल्या, तळाशी केळं, तोंडाला कागदाचा शंकू, टोकाला बारीक भोक. माशी वासानं आत जाते, बाहेरची वाट तिला सापडत नाही. एक बाटली बाथरूममध्ये, एक कपाटावर, एक टीव्हीमागे... घड्याळं राहिली बाजूला, दिवसभर मी बाटल्या मोजत फिरतोय! भरली की फ्रीजर, फ्रीजरमधून पेटीत. आणि मुंग्यांना काय हो? उडणारी असो नाहीतर चालणारी, गारठली की सारखीच! पंगत बसली नुसती!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच उरली. आणि ती बसली कुठे? त्या फवाऱ्याच्या डब्यावर! डबा हिच्या हातात! तर आमची ही काय म्हणाली असेल? पुटपुटली, 'हलू नका...' दुसऱ्या हातानं अलगद पेला उपडा घातला, माशी पकडली आणि मला म्हणाली, 'घ्या. कोवळी दिसतेय, बारक्यांना द्या.'

जिंकलो! सहा महिने झाले तेव्हा मुंग्या मोजल्या, अकराच्या त्रेचाळीस! मी छाती फुगवून लेकीला फोन केला, 'ये आणि घेऊन जा तुझा संसार!' तर तिकडून काय यावं? म्हणते, 'बाबा, मला इथे कायम केलं रे. आणि या खोलीत काही पाळू देत नाहीत. राहू देत ना तुझ्याकडेच?' वाईट वाटलं हो. मुंग्यांमुळे नाही, पोरगी आता घरी यायची नाही म्हणून. तरी धीर करून विचारलं, 'किती दिवस?' 'अशी राणी पंधरा-वीस वर्षं जगते, बाबा.'

फोन ठेवला. हिला सांगितलं. ही बोटांवर बराच वेळ हिशेब करत बसली आणि म्हणाली, 'म्हणजे तुम्ही ऐंशीचे. आपल्या मागे यांना माश्या कोण घालणार हो?'

तेव्हा मंडळी, विचारायचं एवढंच होतं, तुमच्यात चाळिशीच्या आतलं कोणी आहे का? नाही, फार काही नाही हो... नुसता एक शब्द द्यायचाय.