चंद्रावरून आलीस तरी झटकून ये

हॅलो?… हॅलो, आई?… हो, मीच. थांब, खोलीबाहेर येते… हां, बोल.

आला. रिपोर्ट आला… अगं ऐक ना, चांगला आहे. फुप्फुसं स्वच्छ आहेत तिची… हो, दोन्ही. दोनच असतात, आई.

आई?… आता कशाला रडतेस?… बरं, रड. मीही मघाशी जिन्यात जाऊन रडून आले.

फोटोतला तो डाग ना? सूज होती, उतरली… वर्षभर अधूनमधून तपासायला यावं लागेल, पण घाबरायचं कारण नाही, असं म्हणाल्या डॉक्टरीणबाई… हो, हो, नीट विचारलं. इतक्यांदा विचारलं की म्हटलं आता या मलाच दाखल करून घेतात.

खोकला कमी आहे… नाही, अजून हसवायचं नाही तिला. हसली की उबळ येते ना. या बहिणीला न हसवता बसायचं म्हणजे शिक्षाच आहे मला.

अगं, धूळच, पण आपल्याकडची नव्हे. चंद्रावर ना वारा, ना पाणी, कण झिजणार कसे? काचेचा बारीक चुरा समज… हो, श्वासातून गेला की आत खोल रुतून बसतो.

आत कशी गेली म्हणजे… गेली… अगं, काही नाही… बरं, सांगते. पण मनाला लावून घ्यायचं नाही. कबूल?

तिथं बाहेरून यानात आलं की आधी पोशाख ओल्या फडक्यानं पुसायचा, यंत्रानं धूळ ओढून घ्यायची, मग हेल्मेट काढायचं. झटकायचं तर मुळीच नाही, ती धूळ लवकर खालीच बसत नाही… हां. आणि आपल्या बाईसाहेबांनी दाराशीच हेल्मेट काढलं, ब्रश घेतला आणि पोशाख खसाखसा झटकला… आत. दार लावून.

का म्हणजे? दमली होती, डोकं चाललं नाही, हात चालले… आई, आम्ही खेळून आलो की दारात कोण उभं असायचं? ‘आधी कपडे झटका, मग घरात पाय ठेवा’…

हो, तूच…

तुझ्यामुळे कसं? वेडी आहेस का? तीच म्हणत होती, आईला सांग, चंद्रावर गेले तरी तुझा धाक सुटला नाही… खरंच, असंच म्हणाली… नाही गं, तुझ्यावर कशाला रागवेल?

उद्या सोडतायत. तुझ्याकडेच आणते… हो, तिच्या खोलीत… हॅलो? हा धपधप आवाज कसला?… आई, काय करतेयस तू?… तिची गादी?… झटकतेयस?

ठेव. खाली ठेव ती गादी… अगं, मी आत्ता काय सांगितलं?… ओलं फडकं घे, पूस… थांब, तिला सांगायलाच हवं. काही नाही होत, दार उघडते…

अगं ए, आई तुझी गादी झटकतेय. उद्या तू येणार म्हणून…

…

ऐकू येतंय का, आई?… हो, तीच. पोट धरून हसतेय… श्श, बोलू नकोस, ऐक…

नाही आली उबळ… नाही, आई, खोकली नाही. अजून हसतेय…

ठेवते मी… अगं, ठेवते ना, मलाही तिच्याबरोबर हसायचंय.