टाकलेला जोकर

आदरणीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरचे मालक आणि मालकीणबाई, आजचे सत्कारमूर्ती आपले सुतारखात्याचे मुकादम, आणि स्वतःच बनवलेल्या खुर्च्यांवर आज पाहुण्यांसारखे अवघडून बसलेले माझे सोबती,

मी स्टोअरकीपर. खिळे मोजून देणारा माणूस शब्दही मोजूनच देईल, असं अध्यक्षांना वाटलं असावं. बघू या.

मुकादमांच्या कामाबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी जेवणाच्या सुट्टीतल्या रमीबद्दल बोलतो. ती मला त्यांनीच शिकवली. हातात तेरा पानं. ती एका रंगाच्या ओळीत लावायची, नाहीतर सारख्या आकड्याची एकत्र करायची. "निदान एक ओळ जोकरावाचून लागली पाहिजे. उसन्या पानावर डाव उभा राहत नाही, राव," असं ते बजावत. पाळी आली की एक पान उचलायचं, एक टाकायचं. आणि टाकलेलं पान उचलायचा हक्क फक्त पुढची पाळी असलेल्या शेजाऱ्याचा.

मुकादमांचा शेजारी कोण, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आपले पॉलिशवाले. वडिलांच्या ऑपरेशनला थोरल्यांनी धाकट्याला न विचारता होकार दिला, वडील वाचले नाहीत, आणि तेव्हापासून दोघांत अबोला. थोरल्यांनी जोडलेली खुर्ची धाकट्यांकडे जाते तीसुद्धा खडूच्या खुणा करून. मग रोज एकाच बाकावर खेटून का बसतात? कधी विचार केलात? मी केला, कारण डाव संपला की पानं मीच गोळा करतो. थोरले आपली लागलेली ओळ मोडून धाकट्याला हवं ते पान टाकतात. धाकटे मुकाट्याने उचलतात. चौथा गडी आमचा ड्रायव्हर. तो म्हणतो, "मुकादमांना नशीबच नाही हो!" काय सांगायचं त्याला?

काल शेवटचा डाव होता. मुकादम आता कायमचे लेकीकडे निघालेत, आणि इतक्या लांबून पुन्हा येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. काल त्यांनी चक्क जोकर टाकला. हातातला जोकर कुणी टाकतं का हो? आणि आमचा नियम असा, की टाकलेला जोकर उचलता येत नाही. धाकट्यांचा हात पुढे गेला, थबकला, मागे आला. तेवढ्यात भोंगा झाला आणि दोघे दोन दारांनी निघून गेले. पानं मी अजून उचललेली नाहीत.

अध्यक्षमहाशय, घड्याळ बघू नका, आवरतो. मालकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. भरल्या सभेत घरातली गोष्ट काढली, आगाऊपणा झाला असेल तर मुकादमांनी पोटात घालावा. आणि तिसऱ्या रांगेत खांबाआड बसलेल्या पॉलिशवाल्यांना एवढंच सांगतो: तो नियम मी आज सगळ्यांसमोर मोडीत काढला. जोकर चहाच्या खोलीत टेबलावर तसाच उताणा पडलाय. पाळी तुमची आहे. आणि दादांची गाडी सकाळची आहे.