दोन लाव्हांच्या मधे

मंजूषा : आता सांग बाबांना. फोनवर मला सांगितलंस ना, तसंच.

हेमंत : मंजू, पोरीला बसू तर दे. डिंडोरीहून आत्ता उतरली आहे, सॅकसुद्धा पाठीवरच आहे अजून.

मंजूषा : सॅक उतरवता उतरवता सांगेल. शर्वरी, तिथं माड होता की नव्हता?

शर्वरी : होता, आई. म्हणजे नारळाच्या जातीचं फळ मिळालंय त्या भागात, दगड झालेलं. आणि ताडामाडांची खोडं तर ठिकठिकाणी. तीही दगड झालेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

मंजूषा : ऐकलंत? आपल्या मध्य प्रदेशात! आणि मला मेलं लग्न झाल्यापासून ऐकवताय, भोपाळात नारळ होत नाही म्हणून. आता त्या मिस्त्रीला फोन करा. उद्या माड तोडायला येऊ नकोस म्हणावं.

हेमंत : मिस्त्री येणार म्हणजे येणार. शर्वरी, तूच समजाव हिला. गुडघे बघ आईचे. रात्री झोपायला वर जाताना अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी राहते, आणि मी विचारलं की म्हणते, चांदणं बघतेय. खाली एक खोली काढायची तर जागा तेवढीच आहे, बाजूची. आणि तिथं नेमकं हे झाड!

मंजूषा : माझे गुडघे मी बघीन. हे घर झालं तेव्हा माझ्या आईनं कोंब फुटलेला नारळ हर्णैपासून मांडीवर घेऊन आणला होता. मांडीवर! आगगाडीत कुणाला हात लावू दिला नाही.

हेमंत : मान्य. पण आजवर त्याचं खोबरं कुणाच्या पोटात गेलं? सुपारीएवढी फळं धरतात, थंडी पडली की टपटप खाली. चतुर्थीचा नारळ मी बाजारातूनच आणतो ना?

मंजूषा : धरेल. जिथं एकदा झाला, तिथं पुन्हा होईल. आता तर सायन्स माझ्या बाजूला आहे.

शर्वरी : आई, एक मिनिट. फोनवर माझं अर्धंच सांगून झालं होतं. नेटवर्कच गेलं यार.

मंजूषा : मग राहिलेलं सांग की.

शर्वरी : माड होता, कारण हवा तशी होती. सागाचं खोड आडवं कापलं की आत वलयं दिसतात ना? पावसात झाड भराभर वाढतं, कोरड्या दिवसांत थांबतं, त्याची खूण.

हेमंत : वर्षाला एक.

शर्वरी : हां. माडाला ती नसतातच, त्याचं खोड वेगळं. म्हणून त्याच्या शेजारची जी बाकी झाडं दगड झालीत, त्यांचे काप घेतो आम्ही. आरपार उजेड जाईल इतके पातळ घासायचे, मग मायक्रोस्कोपखाली बघायचे. बहुतेकांत धड वलयंच नाहीत. मतलब त्यांना थांबावंच लागलं नाही. बारा महिने ओल. आपल्यासारखी थंडी नाही, मे महिना नाही. समुद्राचा एक फाटाही आत आला असावा, असं काही जण म्हणतात.

मंजूषा : म्हणजे कोकणच झालं.

शर्वरी : कोकणाहून ओलं. तुमच्याकडे दिवाळीनंतर कुठं पाऊस असतो?

हेमंत : आणि आता तिथं काय आहे?

शर्वरी : सालवृक्ष, साग. चार महिने पाऊस, मग पानगळ. आई, हा पुरावा तुझ्या बाजूचा नाही गं. उलटा आहे. ती हवा गेली, म्हणून माडही गेला.

हेमंत : बघ! मी दुसरं काय बोलत होतो?

शर्वरी : बाबा, जिंकल्यासारखं नका ना बोलू.

मंजूषा : बोलू दे. जिंकलेच आहेत ते.

(बाहेर झावळ्या भिंतीला घासत राहतात.)

मंजूषा : खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं मला. उद्यापुरतं.

शर्वरी : मला नाही जमत, आई.

मंजूषा : ठाऊक आहे. मग ती झाडं काय, वाळून मेली?

शर्वरी : नाही, त्याआधी लाव्हा आला. आपली ही काळी माती त्याचीच. पण तो एकदम नाही आला. एक थर आला, सगळं जळालं. मग थांबला. वर तळी साचली, माती झाली आणि जंगल परत उगवलं. ताड, माड, सगळं. मग दुसरा थर. आम्ही शोधतो ती लाकडं या दोन थरांच्या मधली.

हेमंत : थांब, थांब. खाली लाव्हा, वर लाव्हा, आणि मधे जंगल? एकदा जळालेल्या जागेवरच?

मंजूषा : झाडाला कोण सांगणार, पुढचा येतोय म्हणून?

हेमंत : मधे वेळ किती मिळायचा?

शर्वरी : नक्की नाही सांगता येत. काही ठिकाणी हजारो वर्षं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. पण फळ धरण्याइतका मिळाला, ते तर दगडातच दिसतंय.

मंजूषा : बरं. तोडा मग.

शर्वरी : आई!

मंजूषा : रुसून नाही म्हणत. मला नारळ खायचा नव्हताच गं कधी. नवी नवरी होऊन आले तेव्हा यांच्या ग्वाल्हेरच्या माणसांत माझं बोलणंसुद्धा कुणाला धड कळायचं नाही. वाटायचं, तिथलं काहीतरी इथं धरावं. ते धरलं की मीही इथली झाले. म्हणून रोज सकाळी मान वर करून बघायचे. पण हवाच नसेल तर त्यानं तरी काय करावं? फक्त झावळ्या टाकू नका म्हणावं. खराटे करीन मी.

हेमंत : तू इथली नाहीस असं कोण बोललं तुला?

मंजूषा : कुणीच नाही. म्हणून तर विचारताही आलं नाही कुणाला.

हेमंत : शर्वरी, माझा मोबाइल दे जरा... हां भैया, हेमंत सर बोल रहा हूँ. कल आना, पर कुल्हाड़ी-आरी मत लाना. दो आदमी ले आना. ऊपर से पलंग उतारना है.

मंजूषा : पलंग? आणि ठेवणार कुठं?

हेमंत : इथंच, या खोलीत.

मंजूषा : इथं तुमची ट्यूशनची पोरं बसतात संध्याकाळी! रिटायर झाल्यापासून या खोलीतली एक खुर्ची हलवू दिली नाहीत मला.

हेमंत : खुर्च्या वर जातील. फळाही वर जाईल.

शर्वरी : बाबा, हे तुम्हाला आधी नाही सुचलं?

हेमंत : सुचलं होतं. आवडलं नव्हतं.

मंजूषा : आणि माड? त्याला नारळ धरणार नाही, हिनंच सांगितलं आत्ता.

हेमंत : नको धरू दे. मधला वेळ आहे तोवर उभा राहू दे.

मंजूषा : पोरं कुरकुर करतील, रोज जिना चढायचा म्हणून.

हेमंत : करू देत. गुडघे चांगले आहेत त्यांचे.

मंजूषा : आणि तुमचे?

हेमंत : मी मधे थांबून चांदणं बघीन.