उपवासाच्या रकान्यात बार्शीटाकळी

सन्माननीय अध्यक्ष मोतीरामजी साहेब, आजचे सत्कारमूर्ती, केंद्राच्या अर्थ-धर्म सल्लागार मंडळाचे सदस्य आणि आमच्या अचलपूरचे भूषण परमश्रद्धेय गोवर्धनशास्त्रीजी, व्यासपीठावरील मान्यवर, सर्वेक्षण कार्यालयातले माझे सहकारी, बार्शीटाकळीहून सकाळच्या एसटीने आलेल्या भगिनी, आणि मागच्या रांगेत बसून भोजनकक्षाच्या दाराकडे टक लावलेले बंधू, आपणा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

आज या सभागृहात दोन कार्यक्रम आहेत. एक शास्त्रीजींचा सत्कार आणि दुसरा माझा, म्हणजे सर्वेक्षण अधिकारी ज्योत्स्ना इंगळे हिचा, निरोप. दोन्ही एकाच नारळात उरकायचे, अशी काटकसर कार्यालयाने केली. फ्लेक्सवर शास्त्रीजींचा फोटो दारापेक्षा उंच आहे आणि माझं नाव खाली, छापखान्याच्या नावाशेजारी आहे. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. छापखानेवाले भले लोक आहेत.

आपण सकाळी अकराला आलात. आधी राहुकाळ आडवा आला, मग भाषणं आडवी आली. आता अडीच वाजलेत आणि अमरावतीच्या पाच सन्माननीय वक्त्यांनंतर मी उभी आहे. आपली अवस्था मला दिसते आहे. थोडं सोसा.

शास्त्रीजींबद्दल मी काय बोलावं? अर्थशास्त्र आम्हीही शिकलो. महागाई वाढली की व्याजदर बघायचा, पुरवठा बघायचा, असं आम्हाला याच शहरातल्या कॉलेजात घोकून घोकून शिकवलं. शास्त्रीजींनी एका प्रवचनात आमची सगळी पुस्तकं मोडीत काढली. ते म्हणाले, माणसाने गरजा कमी केल्या की महागाई आपोआप कमी होते. दिल्लीला हे इतकं पटलं की त्यांना थेट सल्लागार मंडळावर घेतलं. आता मला सांगा, भूक संपवायची म्हटलं तर जगातल्या बाकीच्या सरकारांना धान्य लागतं, गोदामं लागतात, मालगाड्या लागतात. आपल्या सरकारला एक रकाना लागला. याला प्रतिभा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही घरोघरी जाऊन एक प्रश्न विचारतो, गेल्या आठवड्यात घरातलं कोणी रात्री न जेवता झोपलं का? पूर्वी उत्तर 'हो' आलं की ते घर उपाशी धरलं जायचं. शास्त्रीजींच्या सूचनेवरून यंदा 'हो'च्या पुढे कारणाचा रकाना आला आणि त्यात एकच कारण छापून आलं, धार्मिक उपवास. दुसरं कारण छापायला कागदावर जागा उरली नसावी. शिवाय सर्वेक्षण ठेवलं श्रावणात. देशभर त्या महिन्यात किती पुण्य जमा झालं, ते आकडे आपण वर्तमानपत्रात वाचलेच आहेत.

बार्शीटाकळीच्या मागच्या वस्तीत मी स्वतः गेले होते. या बघा, दुसऱ्या रांगेत जांभळ्या लुगड्यात बसल्या आहेत, त्या ललिताबाई. निंदणाला जातात, काम असेल तर. मी विचारलं, रात्री कोणी न जेवता झोपलं का? त्या म्हणाल्या, "पोरं जेवले वस्तीतल्या केंद्रावर. मंगळवारी मीच झोपली तशी." मी नियमाप्रमाणे उपवासावर खूण करायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या देवाचा?"

ललिताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पेन खाली ठेवावंसं वाटलं. म्हणाल्या, "बाई, आमी पौर्णिमेले उपोसथ धरतो, ते तुमाले ठाऊकच हाय. मंगळवारचा कोन देव आला मधात? घरात पीठ नवतं. देवाले काहून बदनाम करून राहिल्या?"

झालं. तिथून पुढे मी प्रत्येक दारात तोच प्रश्न विचारत गेले आणि प्रत्येक उत्तर शेऱ्यात लिहीत गेले. देवाचं नाव सांगणारी घरं निघाली, नाही असं नाही. पण बहुतेकांनी पिठाचं नाव सांगितलं. महिन्याभरात मला ज्ञापन आलं. प्रश्नावलीबाहेरचा प्रश्न विचारून उत्तरदात्यांच्या धार्मिक भावना मी दुखावल्या होत्या. ललिताबाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावना माही न् मलेच मालूम नाई?"

ज्ञापनापाठोपाठ बदली आली, अंदमानला. मला आनंदच आहे, हवा चांगली आहे म्हणतात. शास्त्रीजींच्याच प्रवचनात मी ऐकलं होतं की समुद्र ओलांडणं निषिद्ध आहे. पण तो निषेध आमच्या घराण्याला लागू नसावा. आमच्या आजोबांना विहिरीवर चढायला मनाई होती, समुद्राचं कोणी काही बोललं नव्हतं.

असो. निरोपाच्या दिवशी कडू बोलू नये.

एक गोष्ट मात्र बोलावी लागेल, कारण नंतर इथे मी नसेन. त्या वस्तीत संध्याकाळी लेकरांना जेवण देणारं केंद्र चालतं. ज्या वस्तीत उपाशी घरं असतात तिथेच ते चालवायचं, असा नियम आहे. माझे शेरे काढून टाकल्यावर वस्तीत उपाशी घर एकही उरलं नाही, सगळी व्रतस्थ निघाली. तेव्हा येत्या एक तारखेपासून केंद्र बंद होणार. ललिताबाईंची दोन लेकरं तिथे जेवतात. त्यांच्यासोबत आलेल्या प्रत्येक बाईची जेवतात. या सगळ्या जणी इथे टाळ्या वाजवायला आणल्या आहेत.

आता मी काही मंडळापेक्षा शहाणी नाही. वस्तीचा उपवास आहे, मान्य. आज सकाळी विश्रामगृहावर शास्त्रीजींची व्यवस्था माझ्याकडे होती. त्यांची एकादशी. मी स्वतः वाढलं, साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, दही, वर केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी असं आमच्याकडे कुचके लोक म्हणतात, मी म्हणत नाही. उसळ दुसऱ्यांदा घेताना शास्त्रीजी मला म्हणाले, उपवास करणाऱ्याला फराळ घालावा, दात्याला अर्धं पुण्य लागतं. किती खरं बोललात, शास्त्रीजी. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतं आहे.

माझी नम्र विनंती अशी की केंद्र बंद करू नये. पाटी तेवढी बदलावी आणि 'फराळ केंद्र' लिहावं. एवढी मोठी वस्ती व्रतस्थ असताना सरकारने अर्ध्या पुण्यावर पाणी का सोडावं? मंडळाची हरकत नसावी, शास्त्रीजी?

आपण मान हलवलीत. ती होकाराची होती, की पंख्याकडे पाहत होतात, ते मला इथून नीट कळलं नाही. म्हणून पुन्हा विचारते, केंद्र चालू राहील ना?

धन्यवाद. मोतीरामजी साहेब, आपणही पाहिलंत. सभागृहानेही पाहिलं. इतिवृत्तात घ्यावं ही विनंती.

काल ललिताबाईंना मी ही युक्ती सांगितली. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव काईबी द्या. भात द्या नाईतं भगर द्या, पोराईचं पोट भरलं पायजे. पन बाई, आमचा उपास नवता. आमी उपाशी होतो. हे कुठी तरी लिहून ठेवजा." ललिताबाई, मी फार शोधलं. लिहायला रकाना नाही. मला याची लाज वाटते. म्हणून सगळ्यांसमोर या माइकवर बोलून ठेवते, तुमचा उपवास नव्हता.

शाल आणि श्रीफळाबद्दल कार्यालयाची आभारी आहे. नारळ अर्धाच माझा, तो मी बार्शीटाकळीच्या एसटीत देऊन टाकते. आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. अडीच वाजून गेलेत, जागा भरपूर असेल.

जय भीम.